ऊस बेणे: सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठी उसाच्या गप्पा निघाल्या की खतावर तासभर बोलणे होते, पाण्यावर होते, फवारणीवर तर होतेच. बेण्याची, म्हणजे लागणीसाठी तोडायच्या उसाची, वेळ आली की मात्र एकच वाक्य ऐकू येते: "अमक्याच्या मळ्यात चांगला ऊस आहे, तिथनं आणू." एकरी टनेज का घसरले याचे उत्तर पुष्कळदा त्या एका वाक्यात असते. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव, फलटण या भागांत शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

को ८६०३२ ही जात आता उतरली असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

जात उतरत नाही, बेणे उतरते. हा फरक नीट समजला की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झालेली ही जात महाराष्ट्रात १९९६ साली 'नीरा' या नावाने प्रसारित झाली. तेव्हापासून आपण तिची कांडी तोडून लावतो, त्या उसाची कांडी पुन्हा तोडून लावतो. ज्वारी-गव्हात दर पिढीला नवे बी तयार होते आणि बरेचसे रोग मागे राहतात. उसात तसे होत नाही. जुन्या उसाचाच तुकडा नवा ऊस होतो, त्यामुळे त्या तुकड्यात जे काही आहे ते सगळे पुढच्या लागणीत उतरते. खोडवा खुजा, गवताळ वाढ, काणी, पिवळ्या पानांचा रोग असे रोग साचत जातात. दरवर्षी थोडे फुटवे कमी, थोडी जाडी कमी, कांड्या थोड्या आखूड. एका वर्षात डोळ्यांना दिसत नाही. दहा वर्षांनी मात्र "पूर्वीसारखा ऊस येत नाही" असे वाटू लागते.

खात्री करायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. याच जातीचे प्रक्रिया केलेले शुद्ध बेणे आणून आपल्या नेहमीच्या बेण्याशेजारी चार सऱ्या लावा. खत-पाणी दोन्हीला सारखे ठेवा. भरणीच्या वेळी (उसाला मातीची भर देताना) दोन्हीकडचे फुटवे मोजा.

चांगले बेणे ओळखायचे कसे?

वय ९ ते ११ महिने. त्याहून कोवळ्या उसाच्या कांड्या सऱ्यांत कुजतात. जास्त जुन्या उसाचे खालचे डोळे (पेऱ्यांवरचे कोंब) टणक होतात आणि साखर भरल्याने उगवण रेंगाळते. डोळा फुगीर, हिरवट आणि ताजा हवा. काळपट, पिचलेला किंवा आधीच फुटलेला डोळा नको. तुरा आलेला, लोळलेला, पांगशा (बाजूचे कोंब) फुटलेला, उंदराने खाल्लेला, पाण्याचा ताण पडलेला ऊस बेण्याला घेऊ नये.

आता जी गोष्ट बहुतेक जण टाळतात ती सांगतो: बेणे पाहायला तोडीच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळाच ऊस चांगला दिसतो. ऊस चार महिन्यांचा असताना एकदा जा आणि सात-आठ महिन्यांचा असताना पुन्हा जा. गवताळ वाढीची बेटे आणि काणीचे चाबूक तेव्हाच दिसतात. मालक ती बेटे उपटून टाकतो का, हेही तेव्हाच कळते. तोडीच्या आधी दोन-चार ऊस बुडापासून उभे चिरून बघा. खालच्या पेऱ्यांच्या आत नारिंगी-लालसर ठिपके किंवा बारीक रेघा दिसल्या तर खोडवा खुजाची शंका धरा. वरून या रोगाचे एकही खात्रीचे लक्षण दिसत नाही, म्हणून तो इतका पसरला आहे.

खोडव्याचे बेणे वापरले तर काय बिघडते?

उगवते, म्हणून लोकांना वाटते काही बिघडत नाही. पण खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात) लागणीपेक्षा रोग जास्त असतात, कांड्या आखूड असतात आणि खोडवा खुजाचे जंतू कोयत्यावरून बेटाबेटांत गेलेले असतात. बेणे फक्त लागणीच्या उसाचे घ्यावे, तेही खास बेण्यासाठी वाढवलेल्या मळ्यातले. कारखान्याला घालायच्या उसातली चार सरी बाजूला ठेवणे म्हणजे बेणेमळा नव्हे.

मूलभूत, पायाभूत, प्रमाणित: हे नेमके काय आहे?

तीन पायऱ्यांची साखळी आहे. संशोधन केंद्रावर जातीची शुद्धता राखून, उष्ण प्रक्रिया करून वाढवलेले ते मूलभूत बेणे. त्यापासून कारखान्याच्या किंवा निवडक शेतकऱ्यांच्या मळ्यावर पुढच्या वर्षी पायाभूत बेणे होते. त्यापासून तिसऱ्या वर्षी प्रमाणित बेणे, जे सर्वसाधारण लागणीसाठी वापरायचे असते. दोन डोळ्यांची टिपरी (उसाचे लागणीचे तुकडे) वापरली तर एका एकराचे बेणे साधारण आठ-दहा एकरांना पुरते, म्हणून इतक्या पायऱ्या लागतात.

साखळी तुटते ती शेवटी. प्रमाणित बेण्याचा ऊस आला की त्यातूनच पुढची दहा वर्षे बेणे घेतले जाते. ते ३ ते ४ वर्षांनी बदलायलाच हवे.

हे बेणे आपल्या भागात मिळते कुठे?

सातारकरांना फार लांब जावे लागत नाही. मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र पाडेगावला, फलटण तालुक्यातच आहे. १९३२ पासून तिथे उसावर काम चालते आणि आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. मूलभूत बेण्याचा हा मोठा स्रोत. दुसरा म्हणजे पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा साखर संस्था. सांगलीकडच्यांना कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र, कांचनपूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र जवळ पडते. साताऱ्यात बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे बेणे नसले तरी कुठे उपलब्ध आहे ते कळते.

बहुतेकांसाठी खरा रस्ता कारखान्याच्या शेती विभागातून जातो. गट ऑफिसला जाऊन थेट विचारा: यंदा पायाभूत बेण्याचे प्लॉट कोणाकडे दिले आहेत, कोणत्या तारखेला लागण झाली, आणि तपासणी झाली का? सभासदाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. मागणी मात्र हंगामाच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेणे शोधायला निघालेल्या माणसाला जे उरले तेच मिळते.

स्वतःचा बेणेमळा करायचा तर किती आणि केव्हा?

माझे मत स्पष्ट आहे: दोन-अडीच एकर ऊस लावणाऱ्या प्रत्येकाने दहा गुंठे बेणेमळा स्वतः करावा. दहा गुंठ्यांतून दोन डोळ्यांची टिपरी घेतली तर दोन-अडीच एकर लागण होते. एक डोळ्याची रोपे केली तर त्याहून बरीच जास्त.

अडचण येते ती तारखेची. लागणीच्या दिवसापासून मागे मोजत यायचे असते, ते आपण करत नाही. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टची. त्या वेळी बेणे दहा महिन्यांचे हवे तर बेणेमळा आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागला पाहिजे. पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, तिचा बेणेमळा डिसेंबर-जानेवारीत. 'सुरू' लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, तिचा बेणेमळा आधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्याकडे आडसालीचे क्षेत्र मोठे आहे आणि नेमका तिचाच बेणेमळा पितृपंधरवडा-दसऱ्याच्या सुमारास लावायचा असतो. त्या दिवसांत सोयाबीन-भुईमुगाच्या काढणीची घाई असल्याने तो राहून जातो. मग जुलैत जो उभा असेल तो ऊस बेणे म्हणून तोडला जातो.

जागा पाण्याचा निचरा होणारी, विहिरीजवळची, येता-जाता नजर पडेल अशी हवी. आदल्या वर्षीचा ऊस निघालेल्या रानात लावू नका. जुन्या खोडक्या उगवतात आणि भेसळ होते. क्षारपड तुकडा बेण्याला अजिबात नको. मळ्याला शेणखत भरपूर घाला, आणि बेणे तोडण्याआधी महिनाभर नत्राचा एक जादा हप्ता देऊन पाणी नियमित ठेवा. त्याने डोळे जोमदार होतात.

एवढे करून मळ्यात फिरलेच नाही तर सगळे वाया. महिन्यातून एकदा प्रत्येक सरीतून चालत जायचे आणि रोगट, वेगळ्या जातीचे बेट मुळासकट उपटायचे.

गवताळ वाढ आणि काणी दिसली तर कोणते औषध मारावे?

औषध नाही. हे उत्तर ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण खरे तेच आहे.

गवताळ वाढीत बेटाला गवतासारखे असंख्य बारीक फुटवे येतात, पाने पांढरट-पिवळी पडतात आणि ऊस भरत नाही. रोग बेण्यातून येतो आणि तुडतुड्यांमार्फत शेजारी जातो. काणीत शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो. त्याची भुकटी वाऱ्यावर उडाली की दूरवरच्या रानात पोचते. म्हणून चाबूक दिसला तर आधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी अलगद चढवा, मग कापा, बेट खणून काढा आणि जाळा. हातात धरून बांधावर टाकलेला चाबूक रोग पसरवतो.

अशा प्लॉटचे बेणे कोणालाही देऊ नका आणि त्याचा खोडवाही ठेवू नका. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्याने खानापूर, कडेगाव, तासगावच्या रानांत ऊस नव्याने उभा राहिला. तिकडे पहिले बेणे नदीकाठावरून गेले आणि ट्रॉलीत उसाबरोबर रोगही चढतो. नव्या भागातल्या शेतकऱ्यांनी सुरुवातच शुद्ध बेण्याने केली तर त्यांना कितीतरी वर्षांचा फायदा आहे.

उष्ण प्रक्रिया घरी करता येईल का?

नको. गरम पाण्याच्या प्रक्रियेत बेणे ५० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतात. बाष्पयुक्त गरम हवेच्या संयंत्रात ५४ अंशांना अडीच तास. तापमान थोडे कमी पडले तर जंतू मरत नाहीत, थोडे वाढले तर डोळा मरतो. चुलीवरच्या हंड्यात हे साधत नाही. ज्यांच्याकडे संयंत्र आहे अशा संशोधन केंद्रातून किंवा कारखान्यातून प्रक्रिया झालेले बेणे आणावे. अशा बेण्याची उगवण थोडी कमी होते, म्हणून ते जरा दाट लावावे. हे बेणे फक्त बेणेमळ्यासाठी वापरायचे असते, सगळ्या रानाला ते लागत नाही.

मग घरी कोणती बेणेप्रक्रिया करायची?

कृषी विद्यापीठाची जुनी आणि चालत आलेली शिफारस अशी: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि ३०० मिली मॅलॅथिऑन मिसळून टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवायची. कांडीच्या चिरेतून शिरणारी बुरशी आणि बेण्याबरोबर येणारी खवले कीड, पिठ्या ढेकूण यांचा यात बंदोबस्त होतो. टिपरी सावलीत सुकवून मग जिवाणूंची प्रक्रिया: १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, अर्धा तास. हे प्रमाण हेक्टरी बेण्याचे आहे. विद्यापीठाच्या शिफारशीनुसार यानंतर नत्राची मात्रा निम्मी आणि स्फुरदाची पाव हिश्श्याने कमी करता येते. युरियाच्या रांगेत उभे राहणाऱ्याने हे वाचून सोडून देऊ नये.

औषध आणि जिवाणू एकाच पिंपात कधीही टाकू नका, जिवाणू मरतात. हातमोजे घातल्याशिवाय टिपरी बुडवायला मजुरांना सांगू नका.

टिपरी लावावी की रोपे?

दोन्ही चालते, पण बेणे चांगले आणि थोडेच असेल तर रोपे. एकरी दोन डोळ्यांची साधारण १०,००० टिपरी लागतात, म्हणजे दोन-अडीच टन तरी ऊस. साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी ४,८४० रोपे पुरतात. डोळे तेवढेच लागतात, नांग्यांसाठी (न उगवलेल्या जागा भरायला) थोडे वर धरा. दुर्मीळ मूलभूत बेणे लवकर वाढवायचे असेल तर याच्याइतका चांगला मार्ग नाही. पाऊस लांबला किंवा रान रिकामे व्हायला उशीर झाला तर तेवढा महिनाभर रोपे ट्रेमध्ये वाढत राहतात, हा आणखी एक फायदा.

भारी काळ्या रानात, पावसाच्या तोंडावर आडसाली करताना टिपरी पाण्यात दबून डोळे कुजतात. तिथे रोपेच बरी.

रोपवाटिकेतून रोपे घेताना काय पाहावे?

कोकोपीट कोणते आणि ट्रे किती कप्प्यांचा, हे सगळे विचारतात. डोळा कुठून आणला हे फारच थोडे विचारतात. गेल्या काही वर्षांत इस्लामपूर-कराड पट्ट्यात रस्त्याला लागून रोपवाटिका उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या चांगल्या रोपवाटिकांकडे स्वतःचे बेणेमळे असतात आणि ते दाखवायला मालक आनंदाने नेतो. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका, दर कितीही कमी असो. ट्रेमध्ये सगळीच रोपे हिरवीगार दिसतात. खोडवा खुजाचे रोप आणि निरोगी रोप त्या वयात वेगळे ओळखता येत नाही. बिलावर जातीचे नाव आणि बेण्याचा स्रोत लिहून घ्या.

रोप २५ ते ३५ दिवसांचे, पांढऱ्या मुळ्यांनी कप्पा भरलेले असावे. मुळ्या तपकिरी होऊन गोल गुंडाळलेल्या असतील तर रोप जुने झाले आहे.

उतिसंवर्धित रोपे महाग पडतात. घ्यावीत का?

संपूर्ण रानासाठी घेऊ नका. पाच-दहा गुंठ्यांच्या बेणेमळ्यासाठी जरूर घ्या. शेंड्याच्या अगदी टोकाच्या पेशींपासून ही रोपे करतात. गरम पाण्याने न जाणारे पिवळ्या पानांच्या रोगासारखे विषाणूही या पद्धतीने दूर होतात. पहिल्या वर्षी ऊस जरा बारीक आणि फुटवे जास्त दिसतात, त्याने घाबरू नका. त्याचे बेणे पुढच्या लागणीत आपल्या मूळ जाडीवर येते.

पुरात बुडालेला ऊस बेण्याला चालेल का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर वाळवा, पलूस, मिरज भागात हा प्रश्न घरोघरी होता. शेंडा पाण्याखाली जाऊन कुजला असेल तर तो ऊस बेण्यातून बाद. शेंडा मेला की कडेचे डोळे फुटतात, पेऱ्यांवर मुळ्या सुटतात, आणि जे डोळे फुटले नाहीत तेही गुदमरलेले असतात. फक्त बुडाशी दोन-चार दिवस पाणी होते आणि शेंडा हिरवा राहिला, तर वरच्या निम्म्या भागातले डोळे तपासून वापरता येतात. पूररेषेतल्या शेतकऱ्याने बेणेमळा उंचावरच्या रानात करावा. स्वतःचे तसे रान नसेल तर भावकीत, पाहुण्यांत वाट्याने करावा.

जात कोणती निवडू?

रानावर ठरते. मध्यम, चांगल्या निचऱ्याच्या रानाला, तिन्ही हंगामांना आणि खोडव्याला को ८६०३२ आजही भरवशाची आहे. पाण्याचा ताणही ती बऱ्यापैकी सोसते. क्षारपड-चोपण रानाला २००७ साली आलेली फुले २६५ चांगली, उत्पादन भरपूर देते, पण पक्व व्हायला वेळ घेते. म्हणून तिची तोड हंगामाच्या सुरुवातीला नको. लवकर साखर भरणारी हवी तर फुले १०००१ आहे. जुनी को-सी ६७१ साखरेला उत्तम, पण काणी आणि लाल कुज या रोगांना नाजूक.

सगळे रान एकाच जातीखाली घालू नका. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने साखरेचा उतारा आणि टनेज दोन्ही वाढवले. मग बहुतेक क्षेत्र तिच्याखाली गेले आणि लाल कुज आल्यावर शेतेच्या शेते वाळली. शेजारच्या राज्यातून कोणी "नवीन जात" म्हणून चार मोळ्या आणून देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. शिफारस नसलेली जात आणि अनोळखी रोग एकाच मोळीत येतात.

बेण्यावर जादा खर्च परवडतो का?

हिशोब करू. ४,८४० बेटांपैकी दहावा हिस्सा उगवला नाही किंवा रोगाने बसला, तर ४८४ बेटे गेली. बेटाला आठ ऊस आणि उसाला दोन किलो धरले तर जवळपास पावणेआठ टन होतात. शेजारची बेटे पसरून थोडी भर घालतात, ते वजा केले तरी पाच-सहा टनांचा खड्डा राहतो. टनाला ३,००० रुपये धरा. आणि ही फक्त लागण झाली, त्याच खड्ड्यांचा खोडवाही येतो. खत-पाणी मात्र पूर्ण एकराला जाते.

बेणे आणताना आणि लावताना काय काळजी घ्यावी?

पाचट न सोलता ऊस आणा, प्रवासात डोळे वाचतात. टिपरी रानावरच पाडा आणि तोडल्यापासून २४ तासांत लावा. वरचा दोनतृतीयांश भाग वापरा, बुडाचा कारखान्याला जाऊ द्या. दोन डोळ्यांची टिपरी लावताना डोळे दोन्ही बाजूंना येतील असे ठेवा, एक डोळ्याची असेल तर डोळा वर. कोयता धारदार हवा. एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जाताना तो जंतुनाशकात बुडवून किंवा जाळावर धरून घ्या. तोडणाऱ्या टोळीला हे आधीच सांगावे लागते, कारण घाईत कोणी थांबत नाही.

उगवण कमी झाली. आता काय करू?

महिन्याच्या आत नांग्या भरा. त्यानंतर लावलेले रोप मोठ्या उसाच्या सावलीत खुरटते. यासाठी मुख्य लागणीच्या दिवशीच, त्याच बेण्याची पाच टक्के जादा रोपे पिशव्यांत करून ठेवावीत. ती बांधावर तयार असली की एका दुपारी काम होते. बाहेरून दुसऱ्याच जातीची रोपे आणून खड्डे भरले तर पक्वतेची वेळ बिघडते आणि त्या रानातून पुढे बेणेही घेता येत नाही.